टेसरॅक्ट: गायक आले, गेले, परत आले

आडलय (धागाकर्ता)

आपल्याकडे रॉकवर धागा निघाला की तो पिंक फ्लॉइडवर तरी असतो, नाहीतर मेटॅलिकावर. दोन्ही थोरच, पण तेच चंदन किती उगाळायचं? म्हणून आज जरा आडवाटेला जाऊ. बँडचं नाव टेसरॅक्ट, गाव मिल्टन कीन्स, इंग्लंड.

मी यांना २०११ मध्ये हॉस्टेलवर पहिल्यांदा ऐकलं. रूममेटच्या हार्ड डिस्कवर 'वन' नावाचं फोल्डर होतं. मला वाटलं यू-टूचं गाणं असेल, नाहीतर मेटॅलिकाचं. लावलं, तर दहा मिनिटं झाली तरी पाय नेमका कुठे आपटायचा तेच कळेना. रूममेट मात्र मांडीवर निवांत चारच मात्रा मोजत बसला होता आणि दर वेळी बरोबर जागेवर येत होता. मला चक्क राग आला. पुढे महिनाभर दुसरं काही ऐकलं नाही.

बँडचा कर्ताकरविता म्हणजे गिटारवादक ॲकल काहनी. २००३ च्या सुमारास त्याने हा एकट्याचा उद्योग म्हणून सुरू केला. तेव्हा तो फेलसायलेंट नावाच्या दुसऱ्या बँडमध्येही वाजवायचा. हळूहळू टेसरॅक्टमध्ये माणसं जमत गेली: ड्रमवर जे पोस्टोन्स, बेसवर एमॉस विल्यम्स, दुसऱ्या गिटारवर जेम्स मॉन्टीथ. हे चौघे आजही तिथेच आहेत. या क्षेत्रात इतकी वर्षं चार माणसं एकमेकांना सहन करतात, ही मला त्यांच्या संगीताइतकीच नवलाची गोष्ट वाटते.

गायकाच्या खुर्चीला मात्र साडेसाती. पहिला अल्बम निघायच्या आधीच अबिसोला ओबासान्या येऊन गेला होता. २००९ मध्ये डॅनियल टॉम्पकिन्स आला. हा त्याआधी पोलिसात नोकरीला. त्याच्या आवाजात २०१० ची 'कन्सीलिंग फेट' ही ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटी ध्वनिमुद्रिका, निघाली. एकच रचना, सहा भाग, सुमारे सत्तावीस मिनिटं. २०११ च्या मार्चमध्ये 'वन' आला आणि त्याच वर्षी टॉम्पकिन्स बाहेर! त्याच्या जागी एलियट कोलमन हा अमेरिकन गायक आला. त्याच्यासोबत २०१२ मध्ये 'पर्स्पेक्टिव्ह' ही बरीचशी अकूस्टिक ईपी केली, आणि त्याच वर्षी तोही गेला. मग ॲश ओ'हारा. २०१३ चा 'ऑल्टर्ड स्टेट' त्याचा. २०१४ मध्ये ओ'हारा गेला आणि टॉम्पकिन्स स्वगृही परतला. तेव्हापासून तोच आहे.

पहिल्या दोन अल्बमांच्या मध्ये तीन गायक! दुसरा एखादा बँड एवढ्यात गुंडाळून मोकळा झाला असता. यांचं काहीच बिघडलं नाही, कारण माझ्या मते या बँडमध्ये गायक हा भाडेकरू आहे. घर त्या चौघांचं. कोणीही येऊन राहो, भिंती तिथेच.

घ्या, आता फोडा मला.

कांदाभजी

शीर्षक वाचून मार्व्हलचा धागा समजून आलो होतो. आलोच आहे तर बसतो.

आडलय

@कांदाभजी, बसा. टेसरॅक्ट म्हणजे चार मितींचा घन. चौरसाचा जसा घन होतो, तसा घनाचा पुढचा टप्पा. मार्व्हलवाल्यांनी तो नंतर पडद्यावर पळवला, यांनी नाव आधीच घेऊन ठेवलं होतं.

चिंतामणी_डोंबिवली

लेख आवडला. माझा मुलगा असलंच काहीतरी ऐकतो, त्यामुळे उत्सुकतेने वाचला. त्याच्या खोलीचं दार बंद असलं तरी स्वयंपाकघरातली भांडी थरथरतात. त्याला विचारलं, हे काय आहे, तर म्हणाला "जेंट". जेंट्स म्हणजे पुरुष एवढं मला ठाऊक आहे. हा काय प्रकार आहे, कोणी मराठीत सांगेल का? आणि यात ताल असतो की नुसती आदळआपट?

आडलय

काका, जेंट हा नुसता आवाजाचा शब्द आहे, आपल्या 'धडाम' किंवा 'खण्ण'सारखा. गिटारची सगळ्यात जाड तार खूप खाली उतरवायची, तळवा तारेवर टेकवून जोरात छेडायची, की जो बसका धातूचा ठोका निघतो, तो 'जेंट'. इंग्रजीत djent लिहितात, त्यातला 'ड' जवळपास गिळायचा. मूळ पीठ स्वीडनचा मेशुगा हा बँड. त्यांच्या नादाने २००५ नंतर इंटरनेटवर गिटार वाजवणाऱ्या पोरांचा एक कंपूच तयार झाला. घरातल्या संगणकावर रेकॉर्ड करायचं आणि फोरमवर टाकायचं. अमेरिकेत पेरिफेरी, इंग्लंडात टेसरॅक्ट.

आदळआपट मुळीच नाही, उलट हिशोबच जास्त. ड्रमरचा एक हात झांजेवर चार-चार-चार असा घड्याळासारखा चालू असतो. त्याखाली बास ड्रम आणि गिटार मिळून वेगळ्याच लांबीचा तुकडा वाजवतात, समजा सातचा किंवा तेराचा. त्यामुळे तो तुकडा दर आवर्तनात थोडा पुढे सरकतो. ऐकणारा गोंधळतो, कारण तुकड्याची सुरुवात कधी ठोक्यावर येते, कधी दोन ठोक्यांच्या सांदीत. आणि मग एका ठरलेल्या जागी सगळे एकदम समेवर. आपल्या तिहाईसारखंच समजा.

धा_तिरकिट

तिहाई नव्हे हो! तिहाईत एकच तुकडा तीनदा येतो आणि तिसऱ्याचा शेवटचा 'धा' समेवर पडतो. इथे तीनची काही अटच नाही.

आणखी एक. मेशुगाच्या घराण्यात समेवर यायचं असतं तेव्हा शेवटचा तुकडा सरळ मधेच कापतात. आमच्याकडे असं केलं तर गुरुजी कान धरतील. तुकडा पुरा झाला पाहिजे आणि समही सापडली पाहिजे, यासाठी आधी कागदावर डोकं फोडायचं असतं.

तुलना करायचीच तर लेहऱ्याशी करा. तबल्याच्या एकल वादनात पेटीवाला किंवा सारंगिया एकच ओळ न थकता धरून ठेवतो, म्हणून तबलजी वाटेल तिथे भटकू शकतो. यांची ती झांज म्हणजे लेहरा. सगळा खेळ तिच्या जिवावर चालतो आणि टाळ्या दुसऱ्यालाच मिळतात.

आडलय

लेहरा! हे मला तेरा वर्षांत सुचलं नव्हतं. तिहाई मागे घेतो.

सातवी_तार

धागाकर्त्याने फेलसायलेंट एका वाक्यात उरकला, म्हणून भर घालतो. २००८ चा 'द हिडन वर्ड्स' हा त्यांचा एकमेव पूर्ण अल्बम. त्यात काहनीसोबत दुसरा गिटारवादक होता जॉन ब्राउन. फेलसायलेंट फुटल्यावर ब्राउनने मॉन्युमेंट्स हा बँड पुढे नेला. म्हणजे एका घराच्या वाटण्या झाल्या आणि दोन्ही भावांनी दुकानं थाटली. मॉन्युमेंट्समध्ये पुढे ख्रिस बॅरेटो गायला आला, तो आधी पेरिफेरीत होता, आणि टेसरॅक्टच्या 'ऑल्टर्ड स्टेट'वर सॅक्सोफोनही त्यानेच वाजवलाय. असलं हे गावकीतलं प्रकरण, सगळे एकमेकांचे पाहुणे.

यांच्याही आधीचं नाव म्हणजे वॉटफर्डचा सिक्थ. २००३ आणि २००६ असे दोन अल्बम काढून २००८ मध्ये मोडला. पुढे २०१४ च्या डाउनलोड महोत्सवात पुन्हा उभा राहिला. इंग्लंडातल्या या पोरांनी वेडावाकडा ताल प्रथम गावच्या माणसाकडून ऐकला तो सिक्थमध्ये.

अवांतर: मिल्टन कीन्समधल्या ब्लेचलीला मार्शलचा कारखाना आहे. रॉकच्या रंगमंचावर मागे जी काळ्या ॲम्प्लिफायरची भिंत दिसते ना, तोच मार्शल. आणि त्याच गावच्या या पोरांनी ॲम्प्लिफायर बाजूला ठेवून अ‍ॅक्स-एफएक्स नावाच्या डिजिटल डब्यातून गिटार काढली! सोलापूरच्या माणसाने लग्नात परगावची चादर अंथरावी तसं.

कांदाभजी

मिल्टन कीन्स म्हणजे ते आखून वसवलेलं, सगळीकडे काटकोनात रस्ते आणि चौकाचौकात वर्तुळं असलेलं शहर ना? म्हणजे त्यांची नवी मुंबईच. तिथे राहून माणूस तेरा मात्रांत वाजवायला लागला तर दोष सिडकोचा.

राधिका_लेस्टर

सिडकोवर हसले, पण भाडेकरूच्या मुद्द्यावर तीव्र असहमत.

'ऑल्टर्ड स्टेट' मी आधी ऐकला आणि 'वन' नंतर, त्यामुळे माझ्यासाठी टेसरॅक्टचा आवाज म्हणजे ॲश ओ'हारा. या अल्बममध्ये एक अख्खी गोष्ट नाहीशी झाली आहे आणि धाग्यात तिचा उल्लेखही नाही: ओरडणं. 'वन'मध्ये टॉम्पकिन्स गातोही आणि गुरगुरतोही. 'ऑल्टर्ड स्टेट'मध्ये गुरगुर शून्य. पन्नास मिनिटं हा माणूस नुसता गातो, तेही अशा उंच, ओल्या आवाजात की खालचे जड रिफ, म्हणजे गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे, एकदम वेगळे ऐकू येतात. 'वन'मध्ये तेच वजन अंगावर येतं, इथे पायाखाली असतं.

आणि रचनेवरही परिणाम झालाय. अल्बमचे चार खंड आहेत: द्रव्य, मन, वास्तव, ऊर्जा. प्रत्येकात दोन-तीन गाणी, एकातून दुसऱ्यात कधी गेलो कळत नाही. अशी सलग ओढ त्या आवाजाशिवाय जमली असती? मला नाही वाटत. नुसता ताल ऐकवून पन्नास मिनिटं माणसाला बसवून ठेवता येतं ते तबलजींना. (@धा_तिरकिट, कौतुक आहे हे.)

भाडेकरू म्हणता, तर या भाडेकरूने घर आतून रंगवलं. तो गेला, रंग राहिला. परतल्यावर टॉम्पकिन्सलाही २०१५ च्या 'पोलॅरिस'मध्ये बहुतेक वेळ गावंच लागलं. ते कोणामुळे?

आडलय

हम्म. रंगाचा मुद्दा लागला. पण 'नॉक्टर्न' ऐका. नवा गायक लोकांसमोर आणला तो त्याच गाण्यातून, अल्बमच्या आधी. त्यात जे पोस्टोन्सचे ड्रम काढून टाका आणि मग बघा काय उरतं. स्नेअरवर, म्हणजे खणखणीत वाजणाऱ्या छोट्या ड्रमवर, तो मुख्य ठोक्यांच्या मध्ये जे अगदी हलके, जेमतेम ऐकू येणारे ठोके पेरतो ना, त्यामुळे हे जड संगीत डुलतं. मेशुगा डुलत नाही, दळतो. टेसरॅक्टची ओळख हीच. त्यावर एमॉसचा बेस, तारा आपटून-खेचून वाजवलेला, जवळजवळ फंक. आणि गिटार सोलो? जवळपास नाहीतच. मेटल बँडच्या दोन गिटारवाल्यांनी सोलोचा मोह सोडावा, हा संन्यासच म्हणायचा.

कल्याण_फास्ट

बराच वेळ गप्प वाचत होतो, पण कोणीच मूळ मुद्द्याला हात घालेना. भाडेकरू तीन वर्षं घराबाहेर होता, तेव्हा राहत कुठे होता? आपल्याकडे!

दिल्लीच्या केशव धरचा स्कायहार्बर हा बँड. तोही घरात बसून एकटाच रेकॉर्ड करणारा. टॉम्पकिन्सने तिकडून गायचं, फायली इंटरनेटवरून इकडून तिकडे, अशी कामं झाली. २०१२ मध्ये 'ब्लाइंडिंग व्हाइट नॉइज' निघाला, त्याचे दोन भाग: 'इल्युजन' आणि 'केऑस'. 'इल्युजन' टॉम्पकिन्सचा. आणि 'केऑस'मध्ये कोण? मुंबईच्या भयानक मौत या मेटल बँडचा सुनीथ रेवणकर. एका बाजूला नॉटिंगहॅमकडचा मखमली आवाज आणि दुसऱ्या बाजूला आपला माणूस नरड्याच्या तळातून. मार्टी फ्रीडमनही पाहुणा म्हणून वाजवून गेलाय, मेगाडेथवाला.

पुढे देवेश दयाल आणि कृष्णा झवेरी हे दोघे मुंबईच्या गॉडेस गॅग्डमधून स्कायहार्बरमध्ये आले. २०१४ चा 'गायडिंग लाइट्स' चाहत्यांनी आगाऊ पैसे भरून उभा केला. मीही भरले होते. त्या महिन्यात डबा घरूनच नेला.

माझं प्रामाणिक मत: टॉम्पकिन्सचं सगळ्यात मोकळं गाणं 'गायडिंग लाइट्स'मध्ये आहे. टेसरॅक्टमध्ये त्याला हिशोबाच्या चौकटीत गावं लागतं. इथे केशवने त्याला पटांगण दिलं. टेसरॅक्टमध्ये परतल्यावर २०१५ मध्ये त्याने स्कायहार्बर सोडलं, तेव्हा आमच्या ग्रुपवर दोन दिवस सुतक होतं. केशवशी मैत्री मात्र टिकली. व्हाइट मॉथ ब्लॅक बटरफ्लाय या त्यांच्या शांत, मेटल नसलेल्या प्रकल्पात दोघे पुढेही एकत्र होते.

राधिका_लेस्टर

+१ 'गायडिंग लाइट्स'ला. आणि बघा, तुम्हीही आवाजाच्याच मागे गेलात ना, तालाच्या नाही.

जुनाट

पोरांनो, ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह मेटलमध्ये गायकांची ये-जा हा टेसरॅक्टचा शोध नाही. थ्रेशोल्ड घ्या. सरे परगण्यातला बँड, १९८८ पासूनचा. १९९३ चा पहिला अल्बम डेमियन विल्सनचा. १९९४ चा ग्लिन मॉर्गनचा. १९९७ ला पुन्हा विल्सन. १९९८ पासून अँड्र्यू 'मॅक' मॅकडरमॉट, तो २००७ पर्यंत. मग तिसऱ्यांदा विल्सन. आणि २०१७ मध्ये 'लेजंड्स ऑफ द शायर्स'साठी परत कोण? ग्लिन मॉर्गन! तेवीस वर्षांनी! मॅक बिचारा २०११ मध्येच वारला.

हे बघितल्यावर तुमचा टॉम्पकिन्स तीन वर्षांत परत आला यात विशेष ते काय. भाडेकरू कसला, हे पागडीवाले. जागा सोडली तरी हक्क सुटत नाही.

तरीही एक कबूल करतो. थ्रेशोल्डमध्ये गायक बदलला की अल्बमचा स्वभाव फारसा बदलत नाही. मॅकची गाणी विल्सन गायचा, कोणाला खटकायचं नाही. टेसरॅक्टचे पहिले दोन अल्बम लागोपाठ लावले तर एकाच घरचे वाटत नाहीत. म्हणजे त्या लेस्टरच्या बाईंचं म्हणणं बरोबर दिसतंय.

मी स्वतः २००९ च्या डिसेंबरात पवईला आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवात पॉर्क्युपाइन ट्री हा ब्रिटिश बँड ऐकलाय. त्यानंतर कान दुसऱ्या कोणाला फारसे दिले नाहीत. तेव्हा माझं मत थोडं सवलतीत घ्या.

सातवी_तार

जुनाट काका, पागडी भारी!

पण सगळे २०१४ वरच का अडकलेत? मालक आणि पागडीवाले मिळून पुढे दहा वर्षं संसार झालाय. 'पोलॅरिस' २०१५ चा, सेंच्युरी मीडिया सोडून केस्कोप या कंपनीकडे गेल्यावरचा पहिला. केस्कोप म्हणजे स्टीव्हन विल्सन, अनाथेमा वगैरे मंडळींचं घर, सगळं जरा तलम. 'पोलॅरिस'ही तलमच. मला तो आजही अर्धवट शिजलेला वाटतो. 'हेक्सेस'मध्ये मार्टिन ग्रेच पाहुणा आहे, तेवढं एक गाणं मी परत परत ऐकतो.

मग २०१८ चा 'सॉन्डर'. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसालाही आपल्याइतकंच गुंतागुंतीचं आयुष्य असतं, ही जाणीव, त्यासाठी अलीकडे घडवलेला हा शब्द. अल्बम जेमतेम छत्तीस मिनिटांचा. आधी चिडलो होतो, आता वाटतं बरं झालं. 'किंग'मध्ये गुरगुर परत आली. आणि याची बायनॉरल आवृत्तीही काढली होती, हेडफोन लावले की आवाज डोक्याभोवती फिरतात.

२०२० च्या डिसेंबरात सगळं बंद असताना 'पोर्टल्स' हा ऑनलाइन प्रयोग केला, पुढच्या वर्षी तो अल्बम म्हणून आला. समोर एकही प्रेक्षक नाही, तरीही माझ्या मते त्यांचं सगळ्यात चांगलं थेट वादन तेच.

आडलय

आणि मग पाच वर्षांच्या खंडानंतर, २०२३ च्या सप्टेंबरात 'वॉर ऑफ बीइंग'. यावर खरं तर वेगळा धागा काढायला हवा. तासभराचा अल्बम, एकच कथा. एक्स आणि एल ही दोन पात्रं, 'द ड्रीम' नावाचं यान कोसळतं, पुढे स्वतःशीच लढाई. कथा मला नीट कळलेली नाही, चारदा वाचूनही. शीर्षकगीत अकरा मिनिटांचं आहे आणि त्यात टॉम्पकिन्स गातो, कुजबुजतो, किंचाळतो, दोन पात्रांच्या तोंडचं बोलतो.

आता कबुली. धागा लिहिताना मी मुद्दाम २०१४ वर थांबलो होतो, कारण 'वॉर ऑफ बीइंग' माझ्या भाडेकरू सिद्धांतात बसत नाही. इथे दुसरा कोणी गायक घालून बघायचं म्हटलं तर अल्बम उभाच राहत नाही. काही जागी तर ड्रम थांबून त्याची वाट बघतात असं वाटतं. राधिकाताई, हे वाचून फार खूश होऊ नका.

राधिका_लेस्टर

झाले.

लंडनला किंग्ज क्रॉसजवळ स्काला नावाची जागा आहे, पूर्वीचं सिनेमागृह. टॉम्पकिन्स परतल्यावर तिथे त्यांचा कार्यक्रम झाला, चित्रित करून २०१५ मध्ये प्रसिद्धही केला. त्यात तो ओ'हाराच्या अल्बममधली गाणी गातो ते बघा. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा घालून माणूस उभा राहिलाय आणि तो त्याला होतोही, फक्त खांद्यात जरा वेगळा बसतो. मला ते बघताना नेहमी ॲशची आठवण येते आणि त्याच वेळी टॉम्पकिन्सबद्दल आदरही वाटतो. ॲश व्हॉइसेस फ्रॉम द फ्यूझलाजमध्ये गायचा, तेही ऐका.

धा_तिरकिट

तुमच्या नादाने 'कन्सीलिंग फेट'चा पहिला भाग मोजायला बसलो. तीनदा मोजला, तीनदा वेगळं उत्तर आलं. चौथ्यांदा नुसती झांज धरली आणि बाकीच्यांकडे दुर्लक्ष केलं, तेव्हा कुठे सम सापडली. मुलाच्या परीक्षेचा अभ्यास घ्यायचा होता, तो तसाच राहिला.

चिंतामणी_डोंबिवली

सर्वांचे आभार. चार दिवस लोकलमध्ये ऐकतोय. 'वन'ने डोकं दुखलं, ते बाजूला ठेवलं. 'ऑल्टर्ड स्टेट' बरं वाटलं. मुलाने सांगितलं की याची गायकाशिवायची आवृत्तीसुद्धा मिळते, नुसतं वादन. म्हटलं, उत्तम, गायकच काढून टाकला की तुमचं सगळं भांडणच मिटलं. काल संध्याकाळी तेच लावून बसलो होतो.

तिसऱ्या गाण्यापासून रिकाम्या जागेत मीच गुणगुणायला लागलो. हिने स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण आलंय?"

कांदाभजी

काका, डिपॉझिट किती ठरलं?